टिटवीचा डोळा

मनामाच्या त्या थिएटरात पहिल्या दिवशी
खुदाबक्षनं एकच गोष्ट शिकवली:
फोकस बघायचा तर नटीचा चेहरा नको बघू,
तो कसाही बराच दिसतो.
टिटवीचा डोळा बघ.

तेव्हा लोगो हा शब्द आमच्यात नव्हता.
टिटवी चित्र, मुंबई. पिक्चरच्या आधी अकरा सेकंद
खडकावर टिटवी, चोचीत पाण्याचा थेंब,
मागे समुद्र: कडेला बसून कुणीतरी हलवलेला जिलेटिन कागद,
त्याची चुणीसुद्धा दिसायची.
डोळा म्हणजे ब्रशचा एक पांढरा ठिपका.
तो टाचणीएवढा झाला की भिंग सोडायचं.

आणि खाली, वळणदार अक्षरांत,
टिटवी देखील समुद्र आटविते.
पिक्चर हिंदी, हॉलमध्ये बलुची, मलबारी, मुहर्रकची पोरं.
ते वाक्य फक्त मला वाचता यायचं.
दिवसाला तीन खेळ,
तीन वेळा मराठी.

मागच्या लोखंडी जिन्याखाली तेव्हा समुद्र होता.
मध्यंतरात तिथं बसून खबूस आणि तळलेली साफी.
काट्याला आमच्या मालवणच्या माशांइतकीच वाईट.
भरतीला शेवटची पायरी बुडायची.

मग रंग आले.
टिटवीची चोच कुण्या शहाण्यानं पिवळी केली.
मी कंपनीला पत्र टाकलं: पाय पिवळे असतात, चोच लाल.
उत्तर नाही.
पुढच्या ईदच्या रिळात चोच लाल!
घरी कळवलं, माझ्या पत्रामुळं झालं.
शेवंतीनं उलट विचारलं,
त्याचे पैसे किती दिले?

त्यानंतर टिटवी उडायला लागली.
उडताना चोचीतला थेंब पडला, तो पुन्हा कधी दिसला नाही.
मागे विजेचं संगीत, कंपनीचं नाव सोन्याचं, इंग्रजीत,
आणि एका गुरुवारी रात्री, हाऊसफुल्लला,
वाक्यच नव्हतं.
खेळ संपल्यावर रीळ हातानं उलगडून पाहिलं,
फ्रेम फ्रेम. दिव्याखाली. नव्हतंच.
जुन्या एका फाटक्या रिळातून मी चार फ्रेमा कापल्या
आणि पासपोर्टात ठेवल्या.
चोरीच ती. असू दे.

त्याच वर्षी जिन्यापुढं मातीचे ट्रक आले.
समुद्र आधी रस्त्याच्या पलीकडं गेला,
मग दोन बँकांच्या,
मग विचारल्याशिवाय सापडेना.
खुदाबक्ष बिडी विझवत म्हणाला,
घे, तुझी टिटवी जिंकली.

कम्प्युटरची टिटवी आली तेव्हा तो नव्हता,
ग्वादरला जाऊन वारला.
पीस न् पीस वेगळं, डोळ्यात ढग फिरणारे,
लाटा अशा की पुढच्या रांगेतली बाई पाय वर घेते.
बावीस सेकंद, शिवाय आधी भागीदार कंपन्यांची पाच नावं.
मी फोकसला हात लावायला गेलो.
कुंजुमोनचा पोरगा म्हणाला, अंकल, ते आता सर्व्हर करतो.

आता मी मॉलमध्ये तिकिटं फाडतो.
पडदा सहा. माझ्या हिशोबानं तिसऱ्या रांगेपाशी
पूर्वी अबू जासिमची होडी बांधलेली असायची.
दार लावता लावता आत बघतो:
पांढऱ्यावर एक वाकडी रेघ, खाली काही नाही.
तीन सेकंद.
पोरगा म्हणतो, हीच टिटवी आहे, सोपी केलीय.
डोळा?
डोळा कशाला हवा, अंकल.

चार फ्रेमा काल काढल्या, बाहेर जायच्या पाटीच्या
उजेडासमोर धरल्या. अक्षरं आहेत.
पण रंग उडून सगळं तांबूस झालंय,
खडक, आभाळ, समुद्रसुद्धा.
त्यात चोच लाल आहे ती माझ्या पत्रानं
की नुसती उडालेली,
आता कसं सांगणार.